ताजी कोळंबी ओळखताना आधी मान पाहावी

आपला प्रश्न असा आहे की पुण्यात राहून कोळंबी विकत घेताना तिचा ताजेपणा नेमका कशावरून ओळखायचा, ती डोक्यासकट घ्यायची की सोललेली, समुद्रातली चांगली की तळ्यात वाढवलेली, आणि गोठवलेल्या पाकिटांवर विश्वास ठेवायचा की नाही. कोकण किनाऱ्यावरच्या मत्स्यप्रक्रिया उद्योगात, बंदरावरून आलेली कोळंबी स्वीकारायची की परत पाठवायची हे ठरवण्याचे काम मी अनेक वर्षे करत आलो आहे. त्या कामात जे पाहिले जाते त्यातले बरेचसे बाजारात उभ्या उभ्या, कुठल्याही उपकरणाशिवाय कोणालाही पाहता येते. फक्त नजर कुठे लावायची आणि जे दिसले त्याचा अर्थ काय, हे माहीत असावे लागते.

सर्वांत आधी डोके आणि धड जिथे जुळतात तो सांधा, म्हणजे कोळंबीची मान, पाहावी. याचे कारण तिच्या शरीराच्या रचनेत आहे. आपण ज्याला डोके म्हणतो त्या भागात कोळंबीचे पोट आणि यकृताचे काम करणारी पाचकग्रंथी असते. कोळंबी जिवंत असताना त्या ग्रंथीतले पाचकरस अन्न पचवतात. ती मेल्यावर तेच रस बाहेर झिरपून शेजारचे मांस पचवू लागतात, आणि जीवाणूंचे काम त्यामागून जोर धरते. म्हणून कोळंबी शेपटीकडून नव्हे, तर मानेकडून बिघडत जाते. बर्फ नसेल तर आपल्याकडच्या उकाड्यात हा बदल काही तासांत दिसू लागतो. भरपूर बर्फात ती नीट ठेवली तर चारपाच दिवस तो रोखून धरता येतो. त्यामुळे 'आजचीच आहे' या शब्दांवरून काहीच ठरत नाही. सकाळी पकडून दुपारपर्यंत बर्फाविना टोपलीत राहिलेली कोळंबी ही तीन दिवस बर्फात व्यवस्थित राहिलेल्या कोळंबीपेक्षा वाईट निघू शकते, कारण ताजेपणा ठरतो तो मेल्यापासून गेलेला काळ आणि त्या काळातला गारवा या दोन्हींवरून.

मान पाहायची म्हणजे एक कोळंबी उचलून शेपटीकडे धरावी आणि हलकेच हलवावी. ताज्या कोळंबीचे डोके धडाशी घट्ट राहते, दोघांमध्ये फट पडत नाही, आणि सांध्यावरचा पातळ पापुद्रा अखंड असतो. शिळी होत चाललेली असेल तर डोके लोंबकळते, मानेशी फट दिसते, आणि त्या फटीतून पिवळसर, नारिंगी किंवा हिरवट काळा द्रव मांसावर उतरलेला दिसतो. तो द्रव म्हणजे फुटलेल्या पाचकग्रंथीतला ऐवज. असे मांस शिजवल्यावर मानेच्या बाजूला पिठूळ लागते, दाताखाली त्याला कुरकुरीत घट्टपणा राहत नाही, आणि मसाला कितीही चांगला केला तरी तो दोष झाकला जात नाही. ढिगातल्या एखाददुसऱ्या कोळंबीचे डोके निखळलेले असेल तर ते हाताळणीतही झालेले असू शकते. मात्र मूठभर उचलल्यावर निम्म्यांची डोकी सुटत असतील तर तो ढीग सोडून द्यावा.

यावर एक रास्त शंका येते. डोक्यातूनच बिघाड सुरू होतो तर डोके काढलेली कोळंबी अधिक टिकणार नाही का? टिकते, आणि म्हणूनच प्रक्रिया करणारे कारखाने माल आल्याबरोबर डोकी काढून टाकतात. पण तिथे डोके काढण्याआधी कोणीतरी ते पाहिलेले असते. बाजारातल्या ग्राहकाला मात्र बिनडोक्याची कोळंबी मिळते तेव्हा ती कोणत्या अवस्थेत असताना डोके काढले हे कळण्याचा मार्ग उरत नाही. अनेकदा डोकी सुटू लागलेला मालच सोलायला घेतला जातो, कारण तो अखंड विकला जाणार नाही हे विक्रेत्याला ठाऊक असते. त्यामुळे माझा सल्ला असा की घ्यावी डोक्यासकट, आणि घरी आणल्यावर डोकी लगेच काढावीत.

मानेनंतर डोळे आणि मिशा पाहाव्यात. डोळे काळेभोर, टपोरे आणि ओलसर चमकीचे असावेत. ते आत गेलेले, सुकलेले किंवा राखाडी पडलेले असतील तर माल जुना आहे किंवा एकदा गोठवून सोडवलेला, म्हणजे वितळवलेला, आहे. मिशा आणि पाय बर्फात हाताळताना तुटतात, म्हणून ते तुटलेले दिसले एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. पण लांब मिशा शाबूत असतील तर त्या कोळंबीची फारशी उलथापालथ झालेली नाही असे समजायला हरकत नाही.

काळ्या डागांविषयी लोकांमध्ये बरेच गैरसमज आहेत, म्हणून त्यावर थोडे थांबतो. डोक्याच्या कडेला, शेपटीच्या पंख्यावर आणि कवचाच्या वळ्यांच्या सांध्यांवर येणारा काळेपणा हा जीवाणूंमुळे येत नाही. कोळंबीच्या अंगातले एक विकर (एन्झाइम) हवेतल्या प्राणवायूच्या मदतीने काळे रंगद्रव्य तयार करते. चिरलेले वांगे हवेत काळे पडते ती क्रियाही याच जातीची आहे. त्यामुळे कडेला हलकी काळी रेघ आलेली कोळंबी खाण्यास अपायकारक असतेच असे नाही, आणि बाकी सर्व लक्षणे चांगली असतील तर मी ती घरासाठी घेतो. मात्र काळेपणा वळ्यावळ्यांवर पसरलेला असेल, किंवा कवच काढल्यावर तो मांसावरही उतरलेला दिसत असेल, तर ती कोळंबी बर्फाबाहेर फार वेळ होती याची ती खूण आहे. पाठीतला काळा दोरा ही याहून अगदी वेगळी गोष्ट आहे. तो कोळंबीचे आतडे असतो आणि पकडली गेली तेव्हा तिचे पोट भरलेले होते की रिकामे, एवढेच तो सांगतो. तळ्यातली कोळंबी काढण्यापूर्वी तिचे खाद्य थांबवण्याची पद्धत असल्यामुळे तिच्यात दोरा अनेकदा रिकामा असतो. शिजवण्याआधी तो काढावा, कारण त्यात वाळू आणि मळ असतो, पण त्यावरून ताजेपणा ठरवू नये.

रंगाबाबतही घाई करू नये. 'कच्ची कोळंबी गुलाबी दिसली की ती शिळी' असे सरसकट सांगितले जाते, ते अर्धेच खरे आहे. आपल्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या काही जाती मुळातच लालसर किंवा गुलाबी तपकिरी असतात आणि त्या अगदी ताज्या असतानाही तशाच दिसतात. पण राखाडी, हिरवट किंवा पांढुरक्या जातीची कोळंबी गुलाबी झालेली दिसली तर मात्र सावध व्हावे. या जातींच्या कवचातले लाल रंगद्रव्य जिवंतपणी एका प्रथिनाशी बांधलेले असते, म्हणून ते निळसर राखाडी दिसते. उष्णतेने ते प्रथिन मोडते आणि लाल रंग मोकळा होतो, म्हणूनच कोळंबी शिजल्यावर लाल होते. न शिजवताच हा रंग मोकळा होऊ लागला असेल तर माल उन्हात तापला आहे किंवा आतून मोडतो आहे. म्हणून एकट्या रंगाकडे न पाहता मांसाचा पारदर्शकपणा पाहावा. ताज्या कोळंबीचे मांस कवचातून अर्धपारदर्शक दिसते. ते दुधासारखे पांढरे आणि अपारदर्शक झाले असेल तर ती मरून बराच वेळ झाला आहे, गोठवून सोडवली आहे किंवा तिला गरम पाणी लागले आहे.

वास घ्यायचा तो ढिगाचा नव्हे, तर एका कोळंबीच्या मानेशी नाक नेऊन. मासळी बाजारात सगळीकडे एकच वास पसरलेला असतो आणि त्यात ढिगाचा वास हरवतो. ताज्या कोळंबीला समुद्राच्या पाण्याचा, किंचित गोडसर आणि खारट वास असतो. नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला तर पुढे काही पाहण्याची गरज नाही. कोळंबीच्या मांसात मुक्त अमिनो आम्ले भरपूर असतात, तिची गोड चव त्यांच्यामुळेच असते, आणि जीवाणू त्यांचे विघटन करू लागले की हाच वास येतो. तो धुऊन, लिंबू लावून किंवा हळदमीठ चोळून कमी झाल्यासारखा वाटतो, पण आतला बिघाड तसाच राहतो. मातीसारखा वास मात्र शिळेपणाचा नसतो. तो तळ्यातल्या शेवाळवर्गीय सूक्ष्मजीवांमुळे मांसात उतरतो. अशी कोळंबी ताजी असू शकते, पण चवीला उणी असते, म्हणून मी ती घेत नाही.

हाताला कवच कोरडे खरखरीत नव्हे तर ओलसर गुळगुळीत लागावे, पण बुळबुळीत लागू नये. बोटांना चिकट थर जाणवला तर जीवाणूंनी पृष्ठभागावर बस्तान मांडले आहे असे समजावे. धड दाबल्यावर मांस पुन्हा वर आले पाहिजे, आणि कवच मांसाला चिकटून असले पाहिजे. कधी कधी कवच कागदासारखे मऊ आणि पातळ लागते. ती कोळंबी कात टाकल्यानंतर लगेच पकडलेली असते. ती शिळी नसते, पण तिच्यात पाणी अधिक आणि मांस सैल असते, ती लवकर दबते आणि लवकर खराब होते, म्हणून तळण्यासाठी तरी ती टाळावी. कवचाच्या आतल्या बाजूला पांढरे गोल ठिपके दिसले तर ते बहुधा ज्याला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग म्हणतात त्या विषाणूचे असतात. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून या रोगाने आपल्याकडच्या टायगर कोळंबीच्या शेतीचे अतोनात नुकसान केले. माणसाला मात्र त्याची बाधा होत नाही.

आता समुद्रातली की तळ्यातली, या प्रश्नाकडे येतो. महाराष्ट्रातल्या शहरांत आज जी एकसारख्या आकाराची, पांढुरकी, पातळ कवचाची कोळंबी सर्वत्र दिसते ती बहुतेक वेळा वेनामी असते. ती मूळची अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची. भारतात तिच्या व्यावसायिक शेतीला २००९ साली परवानगी मिळाली आणि त्यानंतर आंध्र प्रदेशापासून गुजरातपर्यंत तिची तळी पसरली. आपल्या पालघर आणि रायगड जिल्ह्यांतही ती वाढवली जाते. ढिगातल्या सगळ्या कोळंब्या जवळजवळ एकाच मापाच्या असतील तर माल तळ्यातला आहे असे धरून चालावे, कारण समुद्रातल्या जाळ्यात लहानमोठ्या आणि वेगवेगळ्या जातींच्या कोळंब्या एकत्र येतात. चवीच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे. समुद्रातल्या आणि खाडीतल्या कोळंबीला जी खोल, आयोडीनसारखी खारट चव असते ती तळ्यातल्या कोळंबीत सहसा उतरत नाही, कारण ती चव समुद्रातल्या खाद्यातून येणाऱ्या ब्रोमीनयुक्त संयुगांमुळे तयार होते. पण चव आणि ताजेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तळ्यातली कोळंबी ठरलेल्या दिवशी काढून थेट बर्फाच्या पाण्यात टाकली जाते, तर अनेक दिवसांच्या फेरीवर गेलेल्या ट्रॉलरवर पहिल्या दिवशी जाळ्यात आलेली कोळंबी बंदरात उतरेपर्यंत आठवडाभराचीही झालेली असू शकते. त्याच ट्रॉलरवरची शेवटच्या ओढीची कोळंबी उत्तम असते, आणि दोन्ही एकाच वेळी लिलावात येतात. म्हणून 'समुद्राची' हा शब्द चवीचे आश्वासन देतो, ताजेपणाचे देत नाही.

खाडीत पागाने, म्हणजे हाताने फेकायच्या जाळ्याने, पकडलेली किंवा प्रवाहात रोवलेल्या डोल जाळ्यात एका भरतीओहोटीत आलेली कोळंबी मिळाली तर मी दुसरीकडे पाहत नाही, कारण ती सहसा त्याच दिवशी बाजारात येते. गोव्यात खाजण, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या, जमिनींच्या बांधांवर मानशीची, म्हणजे भरतीओहोटीचे पाणी अडवण्या-सोडण्याची, दारे असतात, आणि ओहोटीच्या वेळी तिथे जाळे लावून पकडलेली सुंगटे स्थानिक बाजारात मोठ्या चढाओढीने घेतली जातात. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास, मोठ्या भरतीच्या दिवसांत, ती अधिक मिळतात. तिकडे जाणे झाले तर या दिवसांत सकाळी लवकर बाजार गाठावा.

बाजारात कधी आणि कसे जायचे, यालाही महत्त्व आहे. मुंबईत ससून डॉक किंवा भाऊचा धक्का येथे पहाटे घाऊक व्यवहार होतो, आणि तिथून निघालेला माल सकाळपर्यंत शहरातल्या मंडयांत पोहोचतो. पुण्यात गणेश पेठेतल्या मासळी बाजारात तो रात्रभराचा प्रवास करून येतो. अंतर ही अडचण नाही. बर्फ वितळून खोक्यात साचलेले पाणी ही अडचण आहे. कोळंबी बारीक बर्फाच्या थरांत असावी आणि वितळलेले पाणी खाली निघून जात असावे. त्याच पाण्यात ती तरंगत असेल तर तिची चव आणि रंग पाण्यात उतरतात आणि वजन मात्र वाढते. सकाळी पहिल्या तासाभरात गेल्यास बर्फ घट्ट असतो आणि ढीग निवडला गेलेला नसतो. दुपारी स्वस्तात मिळणारी कोळंबी काही वेळा खरोखर चांगली असते, पण ती प्रत्येक खेपेला मानेपासून तपासावी लागते.

कोळीण मावशींकडून वाटा घेताना वरच्या चार मोठ्या कोळंब्यांवरून वाट्याची किंमत करू नये. वाटा पसरून दाखवायला नम्रपणे सांगावे आणि खालच्या कोळंब्यांची मान पाहावी. ज्या विक्रेत्याला माल हलवून दाखवायला हरकत वाटत नाही त्याच्याकडेच पुन्हा जावे. माझ्या अनुभवात नेहमीच्या ग्राहकाला मावशी स्वतःहून सांगतात की आज कोळंबी नको, उद्या ये. तो सल्ला आपल्याला ओळखता येणाऱ्या कुठल्याही खुणेपेक्षा अधिक भरवशाचा असतो. कोळंबी कुठून आली, केव्हा उतरली आणि रात्री बर्फात होती का, हे तीन प्रश्न सरळ विचारावेत.

जून आणि जुलै या महिन्यांत विशेष लक्ष द्यावे लागते. पश्चिम किनाऱ्यावर साधारणपणे १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. या दिवसांत बाजारात दिसणारी कोळंबी बहुतेक वेळा खाडीतली, तळ्यातली किंवा गोठवलेली असते. गोठवलेली कोळंबी सोडवून बर्फावर मांडली की ती ताज्या मालासारखी दिसते, आणि 'समुद्राची ताजी' म्हणून विकलीही जाते. अशी कोळंबी हातात घेतल्यावर लिबलिबीत वाटते, तिच्यातून सतत पाणी सुटत असते, मांस ढगाळ दिसते आणि पाय सहज गळून पडतात. ती खाण्यास वाईटच असते असे नाही, पण ती पुन्हा फ्रीजरमध्ये टाकू नये, त्याच दिवशी शिजवावी, आणि ताज्या मालाची किंमत तिला देऊ नये.

सोललेली कोळंबी घ्यायचीच असेल तर आधी हिशेब करावा. डोके आणि कवच काढल्यावर वेनामीचे साधारण निम्मे वजन उरते. म्हणजे डोक्यासकट कोळंबी ५०० रुपये किलो असेल तर सोललेले मांस आपल्याला १००० रुपये किलोने पडते, आणि त्यात सोलणाऱ्याची मजुरी अजून धरलेली नाही. शेजारीच त्याच आकाराची सोललेली कोळंबी ८०० रुपयांना मिळत असेल तर ती त्याच मालातली नाही. तिच्यात जुना माल किंवा भरपूर पाणी आहे. सोललेल्या कोळंबीत मानेकडची बाजू पिवळट किंवा मऊ आहे का ते पाहावे आणि एक कोळंबी बोटांत चोळून पाहावी. साबणासारखी निसरडी, फुगीर आणि काचेसारखी चकाकणारी कोळंबी फॉस्फेटच्या द्रावणात ठेवलेली असू शकते. हे द्रावण मांसात पाणी धरून ठेवते; कढईत पडताच ते पाणी बाहेर येते, कोळंबी आकसते आणि भाजली जाण्याऐवजी त्या पाण्यातच उकडते.

गोठवलेल्या पाकिटांबद्दल माझे मत बाजारातल्या सर्वसाधारण समजुतीपेक्षा वेगळे आहे. समुद्रापासून दूर राहणाऱ्या माणसाने चांगल्या कारखान्यात सुटी सुटी गोठवलेली कोळंबी घेतली, तर ती पुष्कळदा मंडईतल्या तिसऱ्या दिवसाच्या 'ताज्या' कोळंबीपेक्षा सरस असते, कारण ती काढल्यावर थोड्या वेळात गोठवलेली असते आणि उणे १८ अंश सेल्सिअसला वरचे बदल जवळजवळ थांबतात. अट एवढीच की मधल्या प्रवासात ती वितळलेली नसावी. पाकीट हातात घेऊन हलवावे; आतल्या कोळंब्या सुट्या खडखडल्या पाहिजेत. सगळ्यांचा एक गोळा झाला असेल, किंवा पाकिटात बर्फाचा भुगा आणि मोठे स्फटिक दिसत असतील, तर ती कुठेतरी वितळून पुन्हा गोठली आहे. कडांना पांढरे, कोरडे, खडूसारखे पट्टे दिसले तर तो फ्रीजरमधल्या कोरड्या हवेने झालेला दोष आहे, आणि तिथले मांस शिजल्यावर चिवट लागते. शक्य असेल तर कवच असलेली आणि न शिजवलेली कोळंबी निवडावी.

पाकिटावर दोन गोष्टी नीट वाचाव्यात. पहिली म्हणजे निव्वळ वजन. गोठवलेल्या कोळंबीवर तिचे हवेपासून रक्षण व्हावे म्हणून बर्फाचा पातळ थर चढवतात, आणि तो असणे चांगलेच आहे. पण निव्वळ वजनात तो मोजला जाऊ नये. बर्फासकट ५०० ग्रॅम वजन भरत असेल आणि बर्फ त्यात २० टक्के असेल तर हातात ४०० ग्रॅमच कोळंबी येते. घरी एकदा थंड पाण्याखाली बर्फाचा थर उतरवून लगेच वजन करून पाहिले की त्या कंपनीवर पुढे विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवता येते. दुसरी गोष्ट म्हणजे आकाराचे आकडे. बिनडोक्याच्या कोळंबीवर ३१/४० असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, ३१ ते ४० कोळंब्या; किलोमागे त्या सुमारे ६८ ते ८८ होतात. आकडा जितका लहान तितकी कोळंबी मोठी. तळ्यावरच्या व्यवहारात मात्र 'तीस काउंट' किंवा 'पन्नास काउंट' हा हिशेब डोक्यासकट किलोमागे असतो, त्यामुळे दोन भावांची तुलना करण्यापूर्वी मोजणी पौंडाची आहे की किलोची हे विचारून घ्यावे. मोठा आकार म्हणजे चांगली प्रत, असे मात्र समजू नये. कालवणासाठी आणि कोळंबीभातासाठी मध्यम आकाराची कोळंबी मला नेहमी अधिक गोड लागली आहे, आणि नुसत्या कांद्यावर परतायला करंदीसारखी बारीक कोळंबी असेल तर तिला तोड नाही.

रसायनांची भीती अनेकांच्या मनात असते, म्हणून जे निश्चित आहे तेवढे सांगतो. काळे डाग येऊ नयेत म्हणून सोडियम मेटाबायसल्फाइटच्या द्रावणात कोळंबी बुडवण्याची पद्धत जगभर आहे. अन्नमानकांच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार गोठवलेल्या कच्च्या कोळंबीच्या खाण्यायोग्य भागात किलोमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत सल्फाइट चालते. प्रमाण जास्त झाले तर कवच अनैसर्गिकपणे पांढरेफटक दिसते आणि मानेशी वास घेतल्यावर जळलेल्या गंधकासारखा तिखटपणा घशाला लागतो. दम्याचा त्रास असणाऱ्या काही लोकांना सल्फाइटची खरोखर बाधा होते, त्यांनी पाकिटावरच्या घटकांत २२३ हा क्रमांक पाहावा. फॉर्मेलिन या मासळी टिकवण्यासाठी बेकायदा वापरल्या जाणाऱ्या रसायनाचा विषय २०१८ साली गोव्यात गाजला आणि तेव्हापासून सर्वांच्या तोंडी आहे. ते नुसत्या नजरेने खात्रीने ओळखता येत नाही. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने त्यासाठी आणि अमोनियासाठी कागदी पट्टीची सोपी चाचणी तयार केली आहे. मांस रबरासारखे ताठ असेल आणि कोळंबीला कसलाच वास येत नसेल तर मी ती घेणार नाही. तळ्यातल्या कोळंबीत बंदी असलेल्या प्रतिजैविकांचा अंश आहे की नाही हे तर फक्त प्रयोगशाळेतच कळते; तिथे ग्राहकाला परवानाधारक आणि पत्ता छापलेल्या पाकिटाचा आधार घ्यावा लागतो.

गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीविषयी थोडक्यात सांगतो, कारण ती अनेकदा समुद्रातली म्हणून विकली जाते. तिच्या पुढच्या पायांची एक जोडी लांब, निळसर नांग्यांची असते. नांग्या तोडलेल्या असतील तर धडाची दुसरी वळी पाहावी: गोड्या पाण्यातल्या कोळंबीत तिच्या कडा पहिल्या आणि तिसऱ्या अशा दोन्ही वळ्यांवर येतात, तर समुद्रातल्या नेहमीच्या कोळंबीत प्रत्येक वळी फक्त तिच्या मागच्या वळीवर येते. या कोळंबीच्या मोठ्या नरांत निम्म्याहून अधिक वजन डोक्याचे आणि नांग्यांचे असते, आणि तिचे मांस मानेकडून फार लवकर पिठूळ होते, म्हणून ती अगदी ताजी असेल तरच घ्यावी.

घेतलेली कोळंबी घरी नेतानाचा तासही मोजायचा असतो. मासळी खरेदीच्या शेवटी घ्यावी, विक्रेत्याकडून मूठभर बर्फ मागून पिशवीत घालून घ्यावा, आणि घरी पोहोचताच डोकी काढून ती थंड पाण्यात झटकन धुवावी. पाण्यात भिजत ठेवू नये. डोकी चांगली असतील तर टाकू नयेत, ती कवचांसह थोड्या तेलावर परतून पाणी घालून उकळली की कालवणाला त्यातली सगळी चव मिळते. त्याच दिवशी शिजवायची नसेल तर निथळून, चाळणीवर बर्फ पसरून, खाली भांडे ठेवून फ्रीजच्या सर्वांत थंड कप्प्यात ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी वापरावी. त्याहून अधिक ठेवायची असेल तर कवचासकट, डोके काढून, डब्यात बुडेल इतके थंड पाणी घालून गोठवावी. सोडवताना डबा आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या भागात ठेवावा, आणि घाई असेल तर बंद पिशवीत घालून थंड पाण्यात ठेवावी. गरम पाणी वापरल्यास बाहेरचे मांस शिजू लागते आणि आतला भाग गोठलेलाच राहतो.